चार कॉलम

रात्री साडेदहाला इलियासचा फोन, करंजगावहून.
मागं डीजे, म्हणून तो ओरडून सांगतो :
"तेवीसपैकी एकोणीस, मॅडम! गुलाल उधळूलालेत सगळे,
मोटारसायकलींचा रंग कळंना गेलाय."
मी कागदावर लिहिते १९. त्याखाली ४.
आणि पान एकवर चार कॉलमांची जागा मोकळी ठेवते.

लातूरच्या आमच्या कचेरीत याचा नियम कुठं लिहिलेला नाही.
देगलूरकर सरांना तो पाठ आहे :
निम्म्याहून थोडं वर, तर 'निसटता'.
दोन-तृतीयांश झालं की 'दणदणीत'.
तीन-चतुर्थांश, की समोरच्याचा 'धुव्वा'.
त्याच्याही पुढं गेलं तर 'लाट'.
हे अशा शहरात, जिथं एका उन्हाळ्यात
प्यायचं पाणी रेल्वेच्या वाघिणींतून आलं होतं.
लाट कुणी पाहिलीय इथं?
सर म्हणतात, "वाचकानं पाहिलीय. टीव्हीवर."

'राजकीय भूकंप' मात्र आम्ही छापत नाही.
एकदा एका शिकाऊ पोरानं तो टाइप केला होता.
व्यंकटराव सास्तुरकर, मुद्रितशोधक, निवृत्तीला दीड वर्ष,
त्यांनी शब्द खोडला नाही.
खाली पेन्सिलीनं रेघ मारली, समासात लिहिलं, "दुसरा बघा",
आणि चहा प्यायला जिना उतरून गेले.
पोराला नंतर कुणीतरी
त्यांचं आडनाव पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

साडेअकराला प्रभागवार आकडे आले.
मला बेरजेची खोड आहे.
एकोणीस जणांची आघाडी एकाखाली एक मांडली :
चाळीस, एकशे बारा, नऊ, सत्तावन्न, तीन...
सगळी मिळून नऊशे अठ्ठ्याण्णव.
एवढी माणसं तर संध्याकाळी गंजगोलाईत
बांगड्यांच्या दुकानांपुढं नुसती अडकलेली असतात.

"सर, शंभरातल्या त्रेचाळिसांनी यांना मत दिलंय.
सत्तावन्न तीन चिन्हांत फुटले.
घरीच बसले ते तर मी धरलेच नाहीत.
याला दणदणीत म्हणायचं?"
सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"मग काय म्हणायचं ते तू सांग.
चार कॉलमांत बसलं पाहिजे."

मी बसवून पाहिलं.
'मतं फुटली म्हणून एकोणीस जागा' सहा कॉलम मागतं.
'थोडक्या-थोडक्यात पुष्कळ' : सर हसले, पण नाही म्हणाले.
नुसतं 'विजय' लिहिलं तर दोन्ही अंगांना पांढरं उरतं,
आणि पांढरं उरलं की जाहिरातवाले वर येतात.
महारुद्र आलाच : मागचं अख्खं पान, रंगीत,
एकशे चाळीस शुभेच्छुकांचे फोटो, सगळे हात जोडून.
त्यात 'ऐतिहासिक' आधीच होतं.
तो शब्द त्यांनी पैसे भरून घेतलेला.

'दणदणीत' बसला.
कुणी माप घेऊन शिवल्यासारखा, मात्रेचीही अडचण नाही.
खाली दोन कॉलमांत 'विरोधकांचा धुव्वा'.
सव्वा वाजता पान सुटलं.
व्यंकटरावांनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं पाहिलं.

सकाळी आठला अनोळखी नंबर.
"मी अनसूया तोंडचिरे बोलूलाले, करंजगाव, प्रभाग सहा.
पिको-फॉलचं दुकान हाय माझं.
तुमच्या पेपरात माझा धुव्वा उडालाय."

मी यादी काढली. सहा, ब.
फरकाच्या रकान्यात : ३.

"तीनच ना?
मग तेवढं उद्या छापा की. कुठंबी, बारीक टायपात चालतंय.
गिऱ्हाईक विचारूलालेत, लईच पडलीस का म्हणून."

थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज.
बहुतेक एक काठ संपेपर्यंत.

"आन् मॅडम, ते तिघं मला ठाव हायत.
त्यांची नावं नका छापू."